रोकडेबाई आणि औटींचा अजगर

हिराबाई रोकडे यांना कुणी मावशी म्हटलेलं चालत नसे. आमच्या कॉलेजातल्या बाकी सगळ्या शिपाई बायका मावशी होत्या आणि त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र दर वर्षी जून-जुलैत एखादा नवा पोरगा "मावशी, ट्रे द्या ना" म्हणायचा आणि रोकडेबाई हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "माझ्या बहिणीला पोरं नायत. मी कुणाची मावशी नाय. रोकडेबाई म्हणायचं." पोरगं गोरंमोरं व्हायचं. ट्रे त्याला मिळायचा, पण सगळ्यात शेवटी.

बाई उंच, हाडकुळ्या. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, त्याला मागून दोरा. अंगावर कॉलेजची निळी साडी आणि त्या साडीला कायमचा फॉर्मालिनचा वास. डिंगोऱ्याहून रोज एसटीनं यायच्या. शिक्षण सातवी. नवरा याच प्रयोगशाळेत परिचर होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. एकदा कुठल्याशा साप्ताहिकाचा वार्ताहर त्यांच्यावर लिहायला आला होता. साप ओळखणारी बाई म्हटल्यावर त्याच्या डोक्यात गोष्ट आधीच तयार होती. त्यानं आवाज हळवा करून विचारलं, "तुमच्या मिस्टरांना सर्पदंश झाला होता का?"

"नाय," बाई म्हणाल्या. "दारूनं गेला. तिची जात वळखायची गरज नव्हती."

वार्ताहरानं वही मिटली. लेख काही आला नाही.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायचो. तुच्छता हा शब्द मी फळ्यावर अनेकदा लिहिला असेल; माणसाच्या चेहऱ्यावर तो कसा बसतो हे मी रोकडेबाईंकडे पाहून शिकलो. आणि सांगायला हरकत नाही, त्या तुच्छतेला आमच्या कॉलेजात खाद्य भरपूर होतं. न वाचता शिकवणारे, न तपासता मार्क देणारे, आणि कशावरही विचारलं तरी "माहीत नाही" न म्हणणारे. या शेवटच्या जातीवर बाईंचा विशेष राग. "म्हाईत नाय म्हणायला काय तोंड दुखतं का?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

साप ओळखायला त्यांना कुणी शिकवलं, तर एका वर्षापुरत्या आलेल्या केरळच्या तात्पुरत्या प्राध्यापिकेनं. त्या बाईंचं हिंदी वाईट आणि रोकडेबाईंचंही वाईट, म्हणून दोघींचं जमलं. त्यांनी बाईंना एकच गोष्ट शिकवली: रंगावर जायचं नाही, खवले मोजायचे. पाठीवर आडव्या किती रांगा, पोटाचा खवला केवढा रुंद, डोक्यावर मोठ्या पट्ट्या आहेत की बारीक दाणे, खवल्याच्या मधून उभा कणा गेलाय की खवला गुळगुळीत आहे. रोकडेबाईंनी हे शंभर पानी वहीत मराठीतून लिहून ठेवलं आणि वर्षभर दुपारच्या सुट्टीत कपाटातल्या एकेका बरणीतला साप बाहेर काढून मोजला. मोजायला अंबाड्यातला आकडा वापरायच्या. प्राध्यापिका परत गेल्या. बाई मोजत राहिल्या.

त्यातूनच बरणीचं प्रकरण झालं. कपाटात 'मण्यार' अशी चिठ्ठी असलेली एक बरणी होती. पट्ट्यापट्ट्यांचा साप. दर वर्षी परीक्षेत तीच बरणी चिठ्ठी भिंतीकडे करून ठेवायचे, पोरं तिचं चित्र काढून खाली मण्यार लिहायची आणि मार्क घ्यायची. बाईंनी मोजून पाहिलं. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती नव्हती. साप कवड्या होता. कवड्या बिनविषारी. मण्यार चावली तर माणूस झोपेतून उठत नाही.

बाईंनी विभागप्रमुख थोरवे सरांना सांगितलं. थोरवे सर हे स्थूल शरीराचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. गळ्यात सदैव ओळखपत्र, खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, "राहू द्या हो बाई. परीक्षेपुरतं ठीक आहे. सगळ्यांना सवय झालीये."

बाईंनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठी खरवडून काढली आणि स्वतःच्या अक्षरात 'कवड्या' लिहून चिकटवली. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पोरांच्या पेपरात मण्यार वाचलं, बरणीवर कवड्या वाचलं आणि थोरवे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "प्रयोगशाळा परिचराची चूक आहे." बाई तिथेच बरण्या पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं पोरांनी कवड्याला मण्यार म्हणून मार्क घेतलं. त्यातला एखादा डाक्टर झाला आसंल तर त्याचा पत्ता काढा."

परीक्षक हसले. थोरवे सर हसले नाहीत. त्या दिवसापासून सर त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलत.

बाहेर गावोगाव मात्र बाईंचं नाव झालं होतं. लोक पिशवीतून सापाची कात घेऊन यायचे. गोठ्यात सापडली, माळ्यावर सापडली, घरात काय राहतंय ते सांगा. कातीला रंग नसतो, त्यामुळे रंगावर साप ओळखणाऱ्यांची तिथे पंचाईत. बाईंना तीच सोयीची. पण बहुतेक लोक येतानाच नाव घेऊन येत. "नागाची हाय बघा बाई, शंभर टक्के." बाई कात हातात न घेता म्हणत, "मंग आलाय कशाला? पूजा करा." एकदा घाटघरचा एक म्हातारा आला. त्यानं टॉवेलात गुंडाळलेली कात बाकावर ठेवली. बाईंनी विचारलं, "कशाची वाटती?" म्हातारा म्हणाला, "मला ठाव नाय. म्हणून तर आलो." बाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. मी त्या खोलीत पंधरा वर्षं जात-येत होतो, मला कधी तो चहा मिळाला नव्हता. मग त्यांनी कात पाण्यात भिजवली, मोजली आणि म्हणाल्या, "सतरा. धामण हाय. मारू नका, उंदीर खाईल."

आता औटींच्या अजगराचं सांगतो.

राजुरीला औटी म्हणून एका बागायतदारानं कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं. शहरातल्या लोकांना बैलगाडीत बसवायचं, चुलीवरची भाकरी द्यायची, ट्रॅक्टरवर फोटो काढायचे. या सगळ्यात वेगळं काहीतरी हवं म्हणून त्यांनी पुण्यातून आफ्रिकेचा एक लहान अजगर आणला. बॉल पायथन. लाकडी पेटी, समोर काच, वर झाकण. मुलं झाकण उघडून त्याला हात लावायची, फोटो काढायची. तो खरा होता आणि गरीब होता. तो मेला. औटींनी ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही; आम्हालाही ती नंतरच कळली. पाटी तयार, पेटी तयार, शाळांच्या सहली ठरलेल्या. त्यांनी घोडेगावच्या एका सर्पमित्राला फोन केला. हा अक्षय नावाचा तरणा गडी, लष्करी नक्षीची पँट घालून फिरायचा आणि साप धरतानाचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचा. त्याला कुठल्यातरी शेतात एक जाडसर, गोल चट्ट्यांचा साप सापडला होता. "अजगराचं पिल्लू हाय भाऊ," म्हणून त्यानं तो औटींना आणून दिला. औटींनी खात्री म्हणून फोटो थोरवे सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. सरांनी उत्तर दिलं, 'पायथन. बिनविषारी.' औटींनी लगेच फ्लेक्स छापला: विदेशी अजगर, बॉल पायथन, प्रा. थोरवे यांनी प्रमाणित.

दोन महिन्यांनी, डिसेंबरात, आमच्या कॉलेजची सहल तिथेच गेली. ठरवली थोरवे सरांनी. पोरं बसमधून, आणि मला मणक्याचा त्रास असल्यानं मी माझी गाडी घेऊन मागून. गाडीत पाण्याचे जार, औषधांची पेटी आणि रोकडेबाई. निवृत्तीला त्यांना चार महिने राहिले होते. वाटेत मी म्हटलं, "बाई, तिथे विदेशी अजगर आहे म्हणे, तुम्हाला बघायला मजा येईल."

"कुणी वळखला?"

"थोरवे सरांनी."

"कशावरून?"

मी सरांकडून ऐकलं होतं तेच सांगितलं, "जाड आहे, चट्टे आहेत, मंद आहे."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मंग सरांनाबी अजगरच म्हणाय पायजे."

केंद्रात पोचलो. पोरं नाश्त्याला गेली. स्वागताच्या टेबलामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कात लावलेली होती. पोटाकडून कापून सपाट पसरलेली. खाली सुबक अक्षरात 'बॉल पायथनची कात'. बाई तिच्यासमोर थांबल्या. जार तिथेच खाली ठेवला. अंबाड्यातला आकडा काढला आणि काचेवरून एकेक खवला मोजू लागल्या. मग मला म्हणाल्या, "तुमी मोजा. हितनं तिथपर्यंत, आडवं. गडबड करू नका."

मी मोजलं. एकोणतीस. पुन्हा मोजलं. एकोणतीस.

"अजगराला पन्नासाच्या वर पायजेत," बाई हळू बोलल्या. त्यांचा आवाज हळू होण्याची मला सवय नव्हती. "आन् खवला गुळगुळीत पायजे. हितं बघा, येकयेक खवल्याला मधून कणा हाय. ही कात त्याच पेटीतली का?" टेबलामागची मुलगी म्हणाली, "हो, मागच्याच महिन्यात टाकली त्यानं."

बाई पेटीपाशी गेल्या. काचेतून वाकून पाहिलं. साप कोपऱ्यात वेटोळं करून पडला होता. थंडीनं गारठलेला, म्हणूनच दोन महिने कुणाला चावला नसावा. डोकं तिकोनी, वर सगळे बारीक खवले. बाईंनी काचेवर बोट टेकवलं आणि आतून कुकरची वाफ सुटावी तसा लांबलचक फुत्कार आला. मागून औटी आले होते. ते कौतुकानं म्हणाले, "असा आवाज काढतो बघा. पोरांना लई आवडतो."

"घोणस हाय ही," बाई म्हणाल्या.

औटींनी हसून फ्लेक्सकडे बोट दाखवलं. बाई तशाच थोरवे सरांकडे गेल्या. सर मिसळ खात होते. बाईंनी खवले, कणा, डोकं, सगळं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. मी शेजारी उभा होतो. सरांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "रोकडेबाई, पाण्याचे जार उतरवून घ्या. गाडीत राहिलेत."

दुपार झाली होती. ऊन पेटीवर आलं होतं आणि आतला साप हलायला लागला होता. औटींनी पोरांना रांग लावायला सांगितली. झाकण उघडायचं, शेपटीला हात लावायचा, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. पहिल्या दोन मुली पेटीपाशी पोचल्या तेव्हा रोकडेबाई त्यांच्या पुढून आल्या, पदर खोचला आणि पेटीच्या झाकणावर बसल्या.

बसल्या म्हणजे बसल्याच. औटी म्हणाले उठा, सर म्हणाले उठा. पोरांनी मोबाइल काढले. बाईंनी पिशवीतून डबा काढला आणि भाकरी खायला सुरुवात केली. पेटीतून अधूनमधून फुत्कार येत होता.

थोरवे सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं ऐकतील त्या. सांगा त्यांना. कॉलेजची अब्रू जातेय." मी गेलो. मला काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी ते बोललो नाही. मी म्हटलं, "बाई, उठा आता. कशाला वाढवता?"

त्यांनी घास गिळला. "तुमी मोजलं ना माझ्यासंगं?"

मी वळून सरांकडे पाहिलं.

"मराठीत 'हो'ला काय म्हणत्यात, सर?"

मागे उभी असलेली पोरं हसली. मी परत सरांपाशी जाऊन उभा राहिलो. त्या दिवसात मी केलेली ही सगळ्यात हलकी गोष्ट.

औटींनी अक्षयला बोलावलं. तो नारायणगावातच कुठेतरी होता, पाऊण तासात मोटारसायकलवर आला. काळा गॉगल, कपाळाला रुमाल. आल्या आल्या त्यानं एका पोराच्या हातात मोबाइल दिला आणि व्हिडिओ सुरू करायला लावला.

"बाई, मी हजारानं साप धरलेत. उठा, हातात घेऊन दाखवतो."

"कशावरून अजगर म्हणतोस?"

"अनुभवावरून."

"मोजलास का?"

"साप काय मोजून धरत्यात व्हय?" पोरं पुन्हा हसली.

बाई म्हणाल्या, "उठते. पण पोरं आधी त्या भिताडाच्या पल्याड. सगळी. शूटिंगवालाबी." अक्षयनं खांदे उडवले आणि मोबाइल समोरच्या खांबाला टेकवून ठेवला. पोरं भिंतीमागे गेली. शेवटचं पोर गेल्याशिवाय बाई हलल्या नाहीत. मग उठल्या आणि म्हणाल्या, "काठी घे निदान." तो हसला.

त्यानं झाकण उघडलं, डावा हात शेपटीकडे, उजवा हात पोटाखाली. साप सैल दोरीसारखा वर आला. अक्षयनं मोबाइलकडे बघून तोंड उघडलं, तेवढ्यात ते डोकं फिरलं. इतकं चटकन की मला फक्त त्याचा हात झटकलेला दिसला. साप खाली पडला. बाईंनी शेजारचा कपडे धुवायचा प्लॅस्टिकचा टब उचलून त्याच्यावर पालथा घातला आणि वर दगड ठेवला.

अक्षयच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाला दोन थेंब आले होते. त्यानं ते चोखले, थुंकला आणि हसला. "अजगर चावतोच की. विष नसतं." औटींनी सुटकेचा श्वास सोडला आणि हळद आणायला माणूस पाठवला. थोरवे सर म्हणाले, "बरोबर. पायथन चावतो. घाबरण्यासारखं काही नाही." तिघांनाही तो अजगरच असायला हवा होता, म्हणून तो अजून अजगरच होता.

हळद आली, लावली. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. हळदीतून रक्त वाहतच होतं आणि अंगठा सुजून फुगला होता. अक्षय खुर्चीवर बसला होता आणि आता बोलत नव्हता. बाईंनी त्याचा हात धरून मला दाखवला. "अजगराच्या दातांची रांग उठती. हे दोन टोचे हायत." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी काढा."

मी गाडी काढली. कुणाला विचारलं नाही.

अक्षय मात्र उठेना. इतक्या लोकांसमोर दवाखान्यात जायचं म्हणजे घोणस कबूल करायचं. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "चल. अजगर निघाला तर सगळ्यांसमोर माझं तोंड काळं कर, शूटिंग कर त्याचं. पण घोणस आसंल तर तू हितं खुर्चीत मरशील, आन् लोक म्हणतील, येड्याला अजगर चावून मेला."

तो उठला.

आळेफाट्यावर रस्त्याचं काम चालू होतं. मागच्या सीटवर अक्षय ओकला. बाईंनी त्याचा हात मांडीवर धरून ठेवला होता, वळ पडेल असं काही बांधू दिलं नाही आणि सबंध वाटेत त्याला बोलत राहिल्या. धीर देत नव्हत्या; शिव्या देत होत्या. साप धरायला आलेल्यानं काठी आणली नाही, पेटीच्या झाकणाला कडी नाही, प्राध्यापक मिसळ खातोय. तो "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत होता. मला आरशात दिसलं, त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय चावलं?" अक्षय म्हणाला, "अजगराचं..."

"घोणस," रोकडेबाई म्हणाल्या. "एकोणतीस रांगा, खवल्याला कणा, डोक्यावर बारीक खवलं. चावून तास झाला. याचं ऐकू नका, यानं नुसता बघितलाय."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं टेबलावर ठेवलं. मग नळी आडवी केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी एकदा बाईंच्या निळ्या साडीकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"परिचर."

डॉक्टर म्हणाले, "आणखी तासभर हळद लावत बसला असता तर मूत्रपिंडं गेली असती." त्यांनी विषावरची लस चालू केली. बाई बाहेर बाकावर बसल्या. मी पाणी आणून दिलं. त्यांनी घेतलं. आम्ही त्याचे घरचे लोक येईपर्यंत तिथे बसलो.

अक्षय वाचला. अंगठ्याचं वरचं पेर गेलं. वनखात्याची गाडी राजुरीला येऊन टबाखालची घोणस घेऊन गेली आणि औटींना नोटीस मिळाली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली: प्राध्यापकांच्या प्रसंगावधानाने सर्पमित्राचे प्राण वाचले. सोबत थोरवे सरांचा फोटो, दोन पेनांसकट. बातमीत रोकडेबाईंचं नाव नव्हतं; 'एका महिला कर्मचाऱ्याने सहकार्य केले' एवढंच होतं. सरांनी तो अंक स्टाफरूममध्ये टेबलावर उघडा ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी तो वाचला आणि सगळ्यांनी चहा घेतला.

आणि बाईंना मेमो मिळाला. वरिष्ठांचा अवमान, सहलीच्या कार्यक्रमात अडथळा, लेखी खुलासा सादर करावा. मी म्हटलं, मी लिहून देतो. त्या म्हणाल्या, "तुमी लिवलं तर दोन पानं व्हतील." त्यांनी स्वतः लिहिलं. मी ते वाचलंय. 'मी पेटीवर बसले हे खरं आहे. पेटीत घोणस होती.' खाली सही.

त्यावर कॉलेजनं पुढे काहीच केलं नाही. करायला काही उरलंच नव्हतं. पण मेमो मागेही घेतला नाही.

पुढच्या महिन्यात अक्षय प्रयोगशाळेत आला. अंगठ्याला पट्टी, अंगात साधा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बाई म्हणाल्या, "पेढे कसले? चुकल्याचे?" तो खाली मान घालून उभा राहिला. बाईंनी कपाटातून औटींकडची कात काढली. वनखात्याच्या माणसाकडून ती त्यांनी मागून आणली होती, दुसरं काहीच मागितलं नव्हतं. ती त्याच्यापुढे ठेवली. "मोज." त्यानं मोजलं, सत्तावीस म्हणाला. पुन्हा मोजलं, एकतीस. तिसऱ्यांदा एकोणतीस. बाई मला म्हणाल्या, "दोनदा चुकला. पण तिसऱ्यांदा मोजलं त्यानं." त्यांच्याकडून इतकं कौतुक मी कुणाचंच ऐकलं नव्हतं. तो नंतर दर शनिवारी येत राहिला.

बाई एप्रिलअखेर निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही. परीक्षा चालू आहेत असं कारण निघालं. शेवटच्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. त्या बरण्या पुसून फडताळात लावत होत्या, प्रत्येकीची चिठ्ठी बाहेरच्या बाजूला. मी चार महिने मनात घोळवलेलं एकदाचं बोललो. "बाई, त्या दिवशी राजुरीला मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं तुम्ही बरोबर आहात."

"म्हाईत व्हतं?"

"हो. मी दोनदा मोजलं होतं."

त्यांनी हातातली बरणी खाली ठेवली. "मला वाटलं, तुमाला कळलं नाय. म्हणून गप बसला. न कळणाऱ्यानं गप बसावं, त्यात वाईट नाय." जरा थांबल्या. "मंग हे लई वाईट झालं, सर."

मी तिथून निघालो. त्यांनी मला थांबवलं नाही, आणि थांबवायचं काही कारणही नव्हतं.

त्यानंतर एकदाच दिसल्या. दोन वर्षं झाली असतील. जुन्नरला डोळ्यांच्या दवाखान्यात मी वडिलांना घेऊन गेलो होतो. आतल्या बाकावर रोकडेबाई बसल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदू काढलेला. निळी साडी नव्हती, पांढरं पातळ होतं, आणि अंगाला आता कसलाही वास नव्हता. शेजारी सून होती. मी समोर जाऊन नमस्कार केला. त्यांनी मान वर केली, पण ओळख दिसली नाही.

सून म्हणाली, "आई, कॉलेजातलं कोणीतरी हाय."

"थांब, सांगू नको," बाई म्हणाल्या. "जवळ या जरा. मला लांबून सांगता येत नाय."

मी वाकलो. त्यांनी उघड्या डोळ्यानं माझा चेहरा नीट पाहिला. कपाळ, कान, चष्मा. घाई नव्हती. दवाखान्यातली नर्स दोनदा त्यांचं नाव पुकारून गेली तरी त्या बघतच होत्या. मला त्या नजरेखाली उभं राहणं जड गेलं, आणि मी सरळही झालो नाही.

मग त्या मागे टेकल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मराठीचे सर हायत. यांनी गाडी काढली व्हती."

एवढं बोलून त्या उठल्या आणि सुनेचा हात धरून आत गेल्या.